धनेंद्रची दाढ

"आ करा. अजून. अजून थोडं," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धनेंद्रचं तोंड याहून उघडेना. शामकलाचा जीव तिथंच अडकला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं की पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, ते तिने थोरल्या दिराच्या आजारात पाहिलं होतं.

ती उठली. बसली. परत उठली.

दिवाळीनंतर दाढेचं दुखणं सुरू झालं होतं. ज्याने त्याने कारण सांगितलं. कीड. पित्त. कुणाची तरी नजर. धनेंद्रचं एकच, धान. गावोगाव फिरून तो धान विकत घ्यायचा, दाणा दाढेखाली फोडून ओला की सुका सांगायचा.

"ओल मोजायची मशीन वापरा ना जी थोडे दिवस."

"मशीन खोटं बोलते. दाढ नाही."

मग लवंग. मग गोळ्या. मग जेवणच सुटलं. भाताची पेज, तीही एका बाजूने.

गोंदियाला जायचं ठरलं तेव्हा शेजारची उर्वशी आपणहून निघाली. तिचा नवरा नागपूरला कामाला.

"मीबी येतो, वैनी. तुमी एकल्या घाबरून जाल."

बसमध्ये शामकलाला रडू आलं. उर्वशी तिच्याहून जास्त रडली. शेजारीण असावी तर अशी, शामकलाला वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी आरसा बाजूला ठेवला. दातांचा एक्स-रे उजेडात धरला. उलटसुलट करून पाहिला.

"सांगा ना, मॅडम! कायले थांबल्या?"

"आंटी, घबराओ मत. कॅन्सर नाही. कीडही नाही."

शामकला भिंतीला टेकली.

"मग धान?"

"धानाने एखादी दाढ गेली असती. यांच्या तर सगळ्याच घासल्यात. झोपेत करकर दात खातात हे, म्हणून जबडा आखडला. त्यांचं त्यांना कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला आवाज येतो. येतो ना?"

शामकला आठवू लागली. आठवेना.

"मले काय मालूम, मॅडम? धान निघाल्यापासून हे खळ्यावरच झोपून राहिले. राखणीले. एकटेच."

"येते ना आवाज!" उर्वशी हसत होती, पदराने डोळे पुसत होती. "लय येते, मॅडम! कितीदा तर मी ह्यायले हलवून जागं केलं."