शिंदीचं पातं

"लेंटात खोटं नाही वाचाचं, सुलू. चाळीस दिवस फक्त खरं."

चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचे, त्याच आवाजात पप्पा हे बाजेवरून सांगायचे. तेव्हा सुलभा नववीत होती. खोटं म्हणजे कथा-कादंबऱ्या. खरं म्हणजे चरित्रं, प्रवास, झाडापाखरांची पुस्तकं. लेंट म्हणजे ईस्टरआधीचे, प्रभूच्या दुःखाचे दिवस; रचलेल्या माणसांसाठी रडण्यात ते घालवू नयेत, असा पप्पांचा, म्हणजे गोपाळ मास्तरांच्या घरचा नेम. जानेफळात दुसऱ्या कुणा ख्रिस्ती घरी तो नव्हता.

आता सुलभाचे केस पिकले होते आणि पप्पांच्या डोळ्यांतला उजेड गेला होता. लेंटात त्यांना वाचून दाखवायला म्हणून ती अकोल्याहून आली होती. महिनाभरात एका डॉक्टरचं आत्मचरित्र झालं, मग मधमाश्यांवरचं एक. आधी पप्पा हौसेनं ऐकत, एखादं वाक्य परत वाचायला लावत. आता मात्र अर्ध्या पानातच त्यांची मान कलायची. जेवण दोन घासांवर आलं होतं. "बस झालं, बाई," म्हणत ताट सारायचे. कशात तरी यांचा जीव गुंतवायला हवा, असं तिला वाटे. कशात, ते सुचत नव्हतं.

ते निजले की ती आपली कादंबरी काढी. गीतांच्या पुस्तकाच्या निळ्या कव्हरात घातलेली. बघणारे डोळे उरले नव्हते, तरीही.

त्या शनिवारी सकाळी शेजारच्या सोजराबाई झावळ्या घेऊन आल्या. "घ्या मास्तर, नाल्यावरची शिंदी. उद्या तुमचा झावळ्याचा रविवार हाये ना, चर्चात न्याले?"

"तुले बरं ध्यानात राह्यते, बाई. आमच्या लोकाइले नाही राहत."

दुपारभर पप्पा त्यातलंच एक पातं बोटांत धरून पडून होते. 'गाणी वाचते' असं सांगून सुलभा उशाशी मनातल्या मनात आपली कादंबरी वाचत होती.

"सुलू."

"जी, पप्पा."

"गाणे वाचून राह्यली का पळून राह्यली? गाण्याच्या पुस्तकाचं पान इतकं लवकर पलटते काय वं?"

नववीतल्यासारखे तिचे कान तापले. "कादंबरी हाये, पप्पा."

हिरव्या पात्यावरून पप्पांचा अंगठा पुढंमागं फिरत राहिला. तो बघताना सुलभाला आठवलं. याच दिवसांत, अशाच कव्हरातल्या कादंबरीत, तिला नववीत एकदा शिंदीचं पातं सापडलं होतं. तिनं ते ठेवलं नव्हतं. मग कुणी? पातं तिनं चुलीत घातलं. पुस्तक तिचं वाचून झालंच होतं. शाळेत जाता जाता ते लायब्ररीत देऊन टाकलं. पुढं कितीतरी दिवस ती बोलणी खायची वाट बघत राहिली. पप्पा एका शब्दानं बोलले नाहीत. तिनंही कधी विचारलं नाही.

"ते पोरगी," पप्पा सावकाश म्हणाले, "नवऱ्याचं घर सोडून निंघते. पुलावर येते. खाली नदीले पूर. तिनं कठड्यावर पाय ठेवला, अन् मांगून कोनं तरी हाक मारली."

सुलभाच्या हातातलं पुस्तक मिटलं.

"तुह्या त्या कादंबरीत पातं मी ठेवलं होतं, सुलू, पानाची निशानी म्हनून. तू शाळेत गेली की मी वाचत होतो. त्या दिवशी पाह्यलं, त पुस्तकच नाही."

आठवडाभर कूस न बदललेले पप्पा कोपरावर उठले. न दिसणारे डोळे त्यांनी तिच्याकडं वळवले.

"मले सांग, कोनं हाक मारली वं तिले?"