काचेवरचं जाळं

"हे काय काढलंयस?"

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेजस्विनीचा कागद वर धरला. बारावीचं बायोलॉजीचं प्रॅक्टिकल. मायक्रोस्कोपखाली कांद्याच्या मुळाची स्लाइड. एका पेशीच्या दोन कशा होतात ते बघायचं आणि दिसेल तसं काढायचं. आधीच्या एकोणीस पोरांनी याच मायक्रोस्कोपला डोळा लावला होता आणि एकोणिसांनी पुस्तकातल्या चार अवस्था हुबेहूब उतरवल्या होत्या. या पोरीच्या कागदावर नुसतं जाळं. बारीक, फाटे फुटलेलं.

"तू चांदवडची ना? कांद्याच्या गावची! आणि कांद्याच्या मुळात कोळी शिरला होय गं?"

मागे खसखस पिकली.

"सर, हे कांद्याचं नाय," तेजस्विनी म्हणाली. "स्लाइड सरकवली तर जाळं जागचं हलत नाय. डोळा लावायची वरची काच फिरवली की तेपण फिरतं. म्हणजे बुरशी त्या काचेवर हाय. खालची पेशी दिसतच नाय. मॅडमनी सांगितलंय, दिसेल तेच काढा."

कोपऱ्यात बायोलॉजीच्या उज्ज्वला मॅडम उभ्या होत्या. जूनपासून त्या हेच घसा फोडून सांगत होत्या. सबंध वर्गात एका पोरीनं ते ऐकलं होतं.

परीक्षक वळले. "मॅडम, मायक्रोस्कोप खराब आहे का?"

बुरशी पावसाळ्यापासूनची. लॅबमधलं सगळं ठाकठीक असल्याच्या कागदावर सही मॅडमचीच, तीही कालची. आणि अकरा महिन्यांच्या करारावरची त्यांची नोकरी एप्रिलात संपत होती. प्रिन्सिपॉल दारातच उभे होते.

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "चांगला आहे."

तेजस्विनीनं त्यांच्याकडे पाहिलं. एकदाच. मग खोडरबर उचललं. मायक्रोस्कोपकडे ढुंकूनही न बघता पाच मिनिटांत चार अवस्था काढल्या, नावं दिली, बाण पट्टीनं आखले.

"शाब्बास! आता दिसलं ना?"

"हो सर. स्पष्ट दिसलं."

पूर्ण मार्क पडले.

संध्याकाळी गठ्ठा बांधताना मॅडमनी तो कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला. पोरीनं पेन्सिल दाबून चालवली होती. चार सुबक पेशींखाली खोडलेल्या जाळ्याचे वळ तसेच होते.