चौकाबाऱ्याचे लिनक्सवाले खोके

"एकही खोका परत आला नाही," संगणकावरचे खेळ विकणाऱ्या कंपनीचे मालक म्हणाले. "लिनक्सचं काम चालू राहू दे."

सुखदाला तिथंच नाचावंसं वाटलं. कवड्या टाकून खेळायचा चौकाबारा तिनं संगणकावर आणला होता, आणि विंडोजसोबत हट्टानं लिनक्स या फुकट संगणकप्रणालीसाठीही लिहिला होता. मालकांची अट साफ होती. माल पडून राहिला किंवा परत आला, तर पुढचे खेळ फक्त विंडोजचे. मग पुण्याहून कानडी मुलखात आलेली ही पोरगी इरेलाच पेटली. सीड्यांवर खेळ तिनंच उतरवला, लेबलं तिनंच चिकटवली, खोके तिनंच बंद केले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

ते सगळे खोके घेतले तिथल्याच शिवाजीनगरच्या मंडळींनी. संगणक दुरुस्त करणाऱ्या गिरीराजअण्णांच्या दुकानात दर रविवारी ही लिनक्सवेडी माणसं जमत. एरवी सगळं एकमेकांत फुकट वाटून घेणारी, पण खेळांच्या बाबतीत त्यांचा नेम कडक. विंडोजचा खेळ कितीही गाजो, घ्यायचा नाही. लिनक्सचा निघाला, की प्रत्येकानं आपापला विकतच घ्यायचा. मालकांची अट सुखदानं त्यांच्या कानावर घातली, आणि आठवड्याभरात माल संपला.

त्या रविवारी ती शहराच्या टोकाला असलेल्या के. आर. पुरमहून म्हैसूरपाक घेऊन दुकानात आली.

"तुमचे उपकार कसे फेडू, अण्णा? तुम्ही होतात म्हणून माझं काम वाचलं."

"बसा अक्का, बसा," अण्णा म्हणाले. "आम्ही काय केलं? घेतला, झालं."

"खेळ कसा वाटला?"

"खोका झकास आहे," निवृत्त मास्तर विश्वासराव घाईनं म्हणाले.

"मी तर कपाटात दर्शनी ठेवलाय," दिव्यश्रीनं म्हैसूरपाकाचा तुकडा तोंडात टाकला. ती कॉलेजात गणित शिकवायची.

किती भली माणसं, सुखदाला वाटलं. कौतुक करायलासुद्धा लाजतात.

"एक डाव दाखवा की, अण्णा."

"स्वल्प थांबा अक्का, कॉफी येऊ द्या."

"येईपर्यंत होईल," म्हणत तिनं फळीवरचा खोका उचलला आणि सीडी यंत्रात घातली. अण्णांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

पडद्यावर फायलींची नावं उमटली. सुखदानं ती वाचली, परत वाचली. सगळ्याच्या सगळ्या विंडोजच्या. लिनक्सवर चालेल अशी एकही नव्हती.

ती अण्णांकडे वळली. "अण्णा, तुमच्या खोक्यात चुकून..."

"माझ्याही," विश्वासराव म्हणाले. दिव्यश्रीनं मान खाली घातली.

"सगळ्यांच्याच, अक्का," गिरीराजअण्णा हळूच म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं. पण परत केला असता, तर आमच्यासाठी पुढचा खेळ कुणी लिहिला असता?"