ओरखडा नसलेला कान

खाटकाचा पहिला ठोसा बसला तेव्हा मलममास्तरांचा चष्मा उडून त्यांनीच बनवलेल्या औषधी जेलच्या बरणीत पडला आणि सावकाश तळाला गेला. तळातूनही तो आपल्याकडेच बघत होता, असं मास्तर पुढे शपथेवर सांगत.

दुसऱ्या ठोशाला मास्तर टेबलावरून गेले, तिसऱ्याला टेबल मास्तरांवरून गेलं. काचेचे कप फुटत राहिले. खाटकाचा हात म्हणजे गंमत नव्हती. त्या हाताने एकदा माजलेल्या बैलाला नुसतं थोपटलं होतं, तर बैल आठवडाभर उठला नाही.

दाराशी खाटकाची नऊ वर्षांची मुलगी उभी होती. इसबाने तिचे हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल, ओले, सोललेले. खाजवू नये म्हणून आईने पंजांवर मोजे बांधले होते. काल मास्तरांचं नवं जेल लावताच ती अशी किंचाळली की शेजाऱ्यांनी आगीचा बंब बोलावला.

टेबलाखालून मास्तर सांगू लागले की, हे औषध जुन्यापेक्षा तिप्पट आत जातं, आपण स्वतः मोजलंय.

"कशावर मोजलंस?"

"तू आणतोस त्या कानांवर."

डुकराचे कान. दर सोमवारी खाटीक दोन डझन आणून द्यायचा. मास्तर त्यांची कातडी काचेच्या कपावर ताणून बसवत, वरून जेल लावत आणि खाली किती औषध उतरलं ते मोजत. कातडी मात्र निवडक लागे. एक ओरखडा दिसला की कान परत. सहा महिने खाटीक दिव्यासमोर धरून धरून कान निवडत होता.

आता त्याने मानगूट धरून मास्तरांना वर उचललं. काचांवर घासून त्यांचा एक गाल सोलवटला होता. खाटकाने बरणीत बोट बुडवलं आणि त्या गालावर जेल लावलं. अगदी हलक्या हाताने, लेकीला लावायचा तसं.

मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने फ्रीजमधले कान टवकारले म्हणतात.

"नळाखाली धरा, काका," मुलगी म्हणाली. "चोळू नका."

मास्तर बराच वेळ नळाखाली वाकून राहिले. वर आले तेव्हा रक्त आणि पाणी मिळून सदऱ्यावर ओघळत होतं.

"तिच्या कातडीचं दार सताड उघडं होतं," ते म्हणाले, "आणि मी लाथ कशी जोरात बसेल ते बघत होतो." मग कुणी विचारलं नसताना पुटपुटले की, आधी जेलमधलं झोंबणारं स्पिरिट काढायचं, औषध जखमेच्या वरच धरून ठेवायचं आणि मोजायचं ते फाटलेल्या कातडीवर.

त्यांनी फ्रीजमधून एक कान काढला, पातं घेतलं आणि त्यावर सरळ, सारख्या अंतराच्या रेघा ओढल्या.

"असं नसतं ते," मुलगी म्हणाली.

तिने दातांनी मोजे ओढून काढले. कान छातीशी दाबून धरला आणि नखं रोवली. ओठ चावत, नाकातून फुसफुसत ती ओरबाडत सुटली. खाटीक अडवायला पुढे झाला. मास्तरांनी त्याचा तोच हात धरून ठेवला.

चरबी दिसेपर्यंत ती थांबली नाही. मग तिने कान मास्तरांच्या पुढ्यात ठेवला.

"हे एका रात्रीचं," ती म्हणाली आणि दुसरा कान मागितला.