खांबावरची रेघ

"पोरी जिद्दीच्या आहेत, पण बुटक्या," आयुष्यात कधी बॉलला हात न लावलेले बास्केटबॉल क्लबचे सेक्रेटरी कुलथे म्हणाले. "सीझनआधी बाहेरून एक उंच पोरगी आणा आणि एकीला नारळ द्या. यंदा कप पाहिजे."

गेल्या वर्षी याच पोरींनी राज्याची उपांत्य फेरी गाठली होती, पण प्रशिक्षक बिडवेबाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. बास्केटच्या खांबावर त्या दर जूनला पोरींची उंची खिळ्याने कोरत. सगळ्यात खालची रेघ नाझनीनची होती. बाईंनी तिचंच नाव कापलं.

आठवड्याने सहा फुटी नवी पोरगी आली, खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी कुणाच्या जागी आलेय?"

बाई खिशातला खिळा चाचपू लागल्या.

"माझ्या," नाझनीन म्हणाली. ती रोजच्यासारखीच मैदान झाडायला आली होती. झाडू टाकून तिने टाचा उंचावल्या आणि नव्या पोरीच्या डोक्यावर बाईंची हजेरीवही सपाट धरली. "ओढा रेघ, बाई."

बाईंनी खांबाकडे न बघताच ओढली.

"वाकडी गेली," नाझनीन म्हणाली. "पुन्हा ओढा."