तिसरा तुरा

नवरीच्या अंबाड्यात माळलेले फुलांचे दोन लांब तुरे पाहिले आणि हेमलताच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. पांढऱ्यावर जांभळे ठिपके. डोंगरातली ‘सीतेची वेणी’ म्हणतात ती रानफुलंच होती ती.

दर उन्हाळ्यात हेमलता आणि तिची मैत्रीण सुलभा पहाटेच डोंगरावर जात, दुर्बिणीतून पाखरं बघत, फुलपाखरं ओळखत. ओढ्याकाठच्या जुन्या आंब्यावर लोंबणारी ही फुलं सुलभालाच आधी दिसली होती. “झाड कुणाला दाखवायचं नाही आणि फुलाला हात लावायचा नाही,” हा नियमही तिचाच. हेमलतानं तो इतका पाळला, की नवऱ्यालासुद्धा कधी तिकडे नेलं नाही. यंदा झाडावर तीनच तुरे आले होते.

“थांब गं, मान वळव.” लेकीच्या लग्नात घामाघूम झालेली सुलभा मागून आली आणि तिसरा तुरा तिनं हेमलताच्या केसांत मायेनं खोवला. “तुझ्यासाठी मुद्दाम ठेवला होता.”

फुलं मानेला गार लागली.

शेजारच्या बाईनं विचारलं, “कुठं मिळाली हो ही फुलं?”

हेमलताचा हात दाबत सुलभा हसली. “ते आमचं दोघींचं गुपित आहे.”