तल्लफेचा आकडा

चौबळांच्या वहीतली बारा शून्यं पाहून संशोधक मुलगी हरखली. एक दिवस सिगारेट न ओढता दर तासाला तल्लफ किती आली, ते शून्य ते दहा आकड्यांत लिहायचं होतं. “कमाल आहे, काका!”

“दिवसाला दोनच ओढतो. त्याला काय व्यसन म्हणतात?” चौबळांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आकडा पाचावर गेला तर सिगारेट कायमची सोडेन, असं वचन त्यांनी तिला दिलं होतं.

काकूंनी पिशवीतून वाणसामानाची यादी काढली. “हिच्या पाठीमागे मीही लिहिलंय. काल सकाळी दहाला हे पेपरवाल्याशी भांडले. अकराला चांगला चालणारा पंखा खोलला. बाराला तो बसेना, तेव्हा माझ्या माहेराचा उद्धार. चारला शेजाऱ्यांच्या गॅलरीखाली धूर हुंगत उभे.”

चौबळांनी पेन घेतलं, एकेका शून्याला शेपटी जोडून त्याचा इंग्रजी नऊ केला आणि सिगारेटचं पाकीट टेबलावर ठेवलं. “वचन म्हणजे वचन. आजपासून बंद.”

काकू पाकिटाकडे बघतच राहिल्या. म्हणजे आता रोजच कालच्यासारखा दिवस!

“अगं, एक आकडा माझाही लिही. यांनी आत्ताच्या आत्ता एक ओढावी, अशी मला तल्लफ आलीय. दहा.”